बंद पडणारे इंजिन काय सांगते?

बालाघाट जिल्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. तेव्हा होडीच्या इंजिनाविषयी येथे बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. परंतु वैनगंगेच्या काठी भाताला पाणी चढविणारे डिझेल इंजिन आणि वसई-अर्नाळ्याच्या कोळ्यांच्या होडीतील छोटे इंजिन ही एकाच कुळातील भावंडे होत. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेले तत्त्वच दोन्हींत आहे. आपल्याकडे १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्ससारख्या कारखान्यांनी ते खेडोपाडी पोहोचविले. शेतातील इंजिन थांबले तर धान तहानलेले राहते. भरसमुद्रात ते थांबले तर वारा आणि ओहोटी होडीला कोठे नेतील याचा नेम नसतो. म्हणूनच खलाशाची शिस्त शेतकऱ्यानेही शिकण्याजोगी आहे.

या इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या सिलिंडरातील हवेला साधारण सोळा ते वीस पट दाबतो. त्या दाबाने हवा ५०० अंश सेल्सियसच्याही वर तापते आणि तीत उडविलेला तेलाचा बारीक फवारा आपोआप पेटतो. म्हणजे इंजिनाला तीन गोष्टी हव्यात : हवा, दाब आणि स्वच्छ तेल. जे इंजिन सहज सुरू होते, काही वेळ नीट चालते आणि मग बंद पडते, त्याचा दाब बहुधा ठीक असतो. तेथे संशय प्रथम तेलाच्या वाटेवर घ्यावा.

इंजिन कसे बंद पडले, हे पाहणे ही तपासणीची पहिली पायरी. गती कमीजास्त होत, गुदमरत गुदमरत थांबले, तर त्याला तेल पुरत नाही. दर वेळी पंधरा-वीस मिनिटांनी थांबते आणि विश्रांतीनंतर पुन्हा चालते, तर टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असावे. झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज आला, तर रोग सापडलाच! काळा धूर ओकत दबून थांबले, तर हवेची गाळणी कोंदली असेल किंवा भार वाढला असेल : होडीच्या पंख्यात जाळे अडकले असेल, शेतातील पंपात कचरा. मात्र तापून एकदम जाम झालेल्या इंजिनाला हँडल मारू नये. ते निवू द्यावे आणि थंड करणारे पाणी व वंगणाचे तेल तपासावे.

खाडीत शहाण्यासारखे वागणारे इंजिन खोल समुद्रातच का दगा देते? टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ निवांत साचलेला असतो. लाटांनी टाकी हेलकावली की तो ढवळून फिल्टरमध्ये जातो. अर्धी रिकामी टाकी रात्री थंडावली की आतील दमट हवेचे पाणी होते. तेल व पाणी जेथे मिळतात तेथे सूक्ष्म जंतू वाढून बुळबुळीत साका तयार होतो. गाडीतून बांधाबांधावर नेलेल्या इंजिनाचीही हीच गत होते.

म्हणून तपासणी टाकीपासून सुरू करून क्रमाने पुढे जावे : तेल आहे काय, तोटी उघडी आहे काय, छिद्र मोकळे आहे काय, फिल्टर स्वच्छ आहे काय, नळीचे सांधे घट्ट आहेत काय. टाकी खाली आणि पंप वर असेल, तर सैल सांध्यातून तेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. त्यामुळे हा दोष डोळ्यांना दिसत नाही. नंतर ‘एअर’ काढावी. फिल्टरवरील स्क्रू थोडा सैल करून हातपंप चालवावा, फेस जाऊन अखंड तेल येताच स्क्रू आवळावा आणि मग तेच फवाऱ्याच्या पंपापाशी करावे. नोझलच्या फवाऱ्यासमोर मात्र हात कधीही धरू नये. तो कातडी भेदून आत जातो आणि जखम लहान दिसली तरी तातडीने इस्पितळ गाठावे लागते. पंख्यात गुंतलेला दोर काढण्यापूर्वीही इंजिन पूर्ण बंद करावे.

पुष्कळ जण इंजिन थांबताच प्रथम नोझल उघडतात. दोष दोन पैशांच्या छिद्रात असतो आणि बिघडतो तो सर्वांत महाग भाग! एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर इंजिन चालूनही आपल्याला काही कळत नाही.

सायंकाळी टाकी भरून ठेवणे, सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तळाची तोटी उघडून साचलेले पाणी सोडणे, तेल बारीक जाळीतून गाळून ओतणे आणि एक जादा फिल्टर जवळ बाळगणे, एवढे चार नियम पाळले तर बंद पडण्याचे बहुतेक प्रसंग टळतात. ते पाळायला मिस्त्री लागत नाही. रोजची पाच मिनिटे लागतात, आणि ती काठावर असतानाच द्यावी लागतात.