नळाचा गॅस आणि मीटरची साक्ष

अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत न्यू लंडन नांवाचें एक गांव आहे. तेथील शाळेंत १८ मार्च १९३७ रोजीं, शाळा सुटण्यास अवघीं कांहीं मिनिटें उरलीं असतां, जोत्याखालील पोकळींत सांचलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन सुमारें ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखीं पडले. खर्च वांचावा म्हणून शाळेनें जवळच्या तेलविहिरींच्या नळांतून हा वायु घेतला होता. त्यास मुळांत वास नसतो. त्यामुळें गळतीचा कोणास सुगावाहि लागला नाहीं. एका शिक्षकानें कारखान्यांतील विजेचें यंत्र सुरू केलें, ठिणगी उडाली, आणि अनर्थ झाला. पुढें कांहीं आठवड्यांतच तेथील विधिमंडळानें वायूंत उग्र वासाचें द्रव्य मिसळण्याचा कायदा केला. आपल्या स्वयंपाकघरांत गळतीच्या वेळीं जो दर्प येतो तो वायूचा नव्हे, तर अशाच मुद्दाम घातलेल्या मरकॅप्टन नामक गंधकयुक्त द्रव्याचा होय.

मुंबईस १८६५ सालीं रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, तो वायु दगडी कोळशापासून काढलेला होता. आज नळानें घरोघर येतो तो भूगर्भांतील मिथेन होय. १९९५ सालीं स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीनें तो या शहरांत पसरविला. टाकींतील वायूहून याचा स्वभाव निराळा. टाकीचा वायु हवेपेक्षां जड असल्यानें जमिनीलगत सांचतो. मिथेन हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, म्हणून तो छताकडे धांवतो. वरचें तावदान सदैव मोकळें ठेवावें असें सांगतात त्याचें कारण हेंच. (शोभेसाठीं तें कांचेनें बंद करणारांस काय म्हणावें!) हवेंत मिथेनचें प्रमाण शेंकडा ५ ते १५ झालें कीं ठिणगीची तेवढी वाण उरते. म्हणून दर्प येतांच विजेचें बटन लावूं नये, आणि लागलेलें असल्यास बंदहि करूं नये. ठिणगी दोन्ही वेळां उडते. मुख्य चावी बंद करावी, दारेंखिडक्या उघडाव्या, आणि घराबाहेर येऊन मग बिलावर छापलेल्या तातडीच्या क्रमांकावर कळवावें. गळतीची जागा शोधणें तें साबणाच्या फेसानें. काडी ओढून कदापि नव्हे.

परंतु पडसें झालेल्या मनुष्यास वास येत नाहीं. अशा वेळीं दुसरा साक्षीदार उपयोगीं पडतो, तो मीटर. त्यावर काळे व तांबडे असे आंकडे असतात. काळे आंकडे पूर्ण घनमीटरांचे, तांबडे त्याच्या अंशांचे. रात्रीं निजतेवेळीं सर्व शेगड्या बंद करून, मुख्य चावी मात्र उघडी ठेवून, तांबडे आंकडे टिपून घ्यावे, व तासाभरानें पुन्हां पाहावे. एकहि आंकडा सरकला असेल तर मीटरच्या पुढें कोठेंतरी, बहुधा शेगडीच्या रबरी नळींत, गळती आहे असें समजावें. मीटरच्या अलीकडील गळती मात्र त्यास कळत नाहीं. तेथें नाकावांचून गति नाहीं.

हेच काळे आंकडे बिलाचा पाया होत. मागील व चालू वाचनांतील अंतर काढलें म्हणजे खपलेले घनमीटर मिळतात. १४.२ किलोच्या एका टाकीइतकी उष्णता सुमारें १८ घनमीटर वायूपासून मिळते. तेव्हां ज्या घरीं पूर्वीं दोन महिन्यांस दोन टाक्या लागत, तेथें ३६ घनमीटरांच्या आसपास खप येणें स्वाभाविक आहे. त्याच्या दुप्पट आल्यास आधीं वरील परीक्षा करावी, व मग बिलावर वाचन प्रत्यक्ष घेतलेलें आहे कीं अंदाजी, तें पाहावें. घरास कुलूप असल्यामुळें वाचकास मीटर पाहतां न आला म्हणजे मागील खपावरून अंदाजी बिल येतें, आणि पुढील खऱ्या वाचनाच्या वेळीं वजावट किंवा भर पडते. पुष्कळांस ही भर म्हणजे लबाडी वाटते. वस्तुतः तो जुना खपच असतो. परगांवीं जाण्याच्या दिवशीं मुख्य चावी बंद करून काळे आंकडे तारखेसह लिहून ठेविले, अथवा त्यांचें छायाचित्र घेऊन कंपनीकडे पाठविलें, तर हा घोळ उद्भवत नाहीं.