एका इंजिनावरचे उड्डाण

नागपूरहून हैदराबादला सरळ रेषेत निघालेले विमान आदिलाबाद जिल्ह्यावरून, निदान त्याच्या अगदी जवळून जाते. खाली कापसाच्या शेतातून त्याकडे पाहणाऱ्याच्या मनात एक शंका डोकावल्यावाचून राहत नाही : त्याच्या दोन इंजिनांपैकी एक तेथेच बंद पडले तर?

विमान कोसळत नाही, हे आधी सांगून टाकतो. एका इंजिनावर सुखरूप उडता आले पाहिजे, या अटीवरच अशा विमानाला परवाना मिळतो. मात्र चालू इंजिनाचा जोर एकाच बाजूने लागत असल्यामुळे विमानाचे नाक बंद इंजिनाकडे वळू पाहते. वैमानिक पायाने सुकाणू दाबून ते सरळ ठेवतो. पूर्वीची उंची टिकत नाही. विमान हळूहळू खालच्या दाट हवेत उतरते आणि तेथे स्थिरावते.

यानंतर खरा शत्रू म्हणजे घाई. एक वैमानिक केवळ विमान सांभाळतो, दुसरा सूचनापत्र वाचतो. इंधन तोडण्यापूर्वी ‘हेच ना ते इंजिन?’ असे एकाने विचारावयाचे आणि दुसऱ्याने पाहून होकार द्यावयाचा. कोणास हा पोरखेळ वाटेल! परंतु ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थ गावाजवळ काय झाले? बिघाड डाव्या इंजिनात होता, बंद केले गेले उजवे. डावीकडच्या ठिणग्या कित्येक प्रवाशांनी पाहिल्या होत्या. ती गोष्ट वैमानिकांपर्यंत पोहोचलीच नाही. ४७ माणसे प्राणांस मुकली.

विचार करण्यास वेळ मिळतो तो उंचीमुळे. ती नसेल तर? १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रासची टपाल-विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परतत. १२ डिसेंबर १९५३ रोजी मद्रासकडे निघालेल्या डाकोटाच्या एका इंजिनाची शक्ती जमीन सुटताच गेली. १३ जण मृत्युमुखी पडले; त्यांत कामगार पुढारी हरिहरनाथ शास्त्री होते. वाचला तो एकटा वैमानिक. अशा विमानाचे बंद इंजिनाचे पाते वाऱ्याने फिरत राहून विमानाला मागे ओढते. म्हणून ते वाऱ्याला कड देऊन वळवावे लागते. हजारो फुटांवर हे काम सोपे, झाडांच्या शेंड्यांवर नव्हे. आजच्या जेट विमानात प्रत्येक उड्डाणापूर्वी एक निर्णायक वेग गणिताने ठरवितात. त्याआधी इंजिन गेले तर धावपट्टीवरच थांबावयाचे. नंतर गेले तर न थांबता एकाच इंजिनावर वर चढावयाचे.

आदिलाबादवरील आपल्या विमानाकडे वळू. वैमानिक रेडिओवर ‘पॅन-पॅन’ असे तीनदा उच्चारतो. आग असेल तर ‘मेडे’. आदिलाबादची निजामकालीन धावपट्टी अशा विमानाच्या कामाची नाही. नागपूर मात्र जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर. तेथे धावपट्टीच्या कडेला अग्निशामक गाड्या येऊन उभ्या राहतात. विमान थांबल्यावर जवान प्रथम इंजिन पाहतात, मग तापलेली चाके. त्यानंतर शिडी लागते.