अठराशे अभ्यासक्रम, शुल्क शून्य

विद्यापीठाने आपले अभ्यासक्रम साऱ्या जगाला फुकट द्यावेत, ही कल्पना निघाली ती इंटरनेटवरच्या शिक्षणाचे आपण काय करायचे हे ठरवायला बसलेल्या एका समितीतून. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने, म्हणजे एमआयटीने, ही समिती नेमली तेव्हा डॉट-कॉमची लाट ऐन भरात होती. व्याख्याने विकून बक्कळ उत्पन्न मिळेल, अशी मोठमोठ्या विद्यापीठांची खात्री होती. कोलंबिया विद्यापीठाने ‘फॅदम’ नावाची कंपनी काढली, तर ऑक्सफर्ड, येल आणि स्टॅनफर्ड यांनी मिळून ‘ऑललर्न’ सुरू केले. एमआयटीच्या समितीने मात्र हिशेब मांडून पाहिला आणि या धंद्यात फारसे काही सुटणार नाही, असा निष्कर्ष काढला. मग तिने जी शिफारस केली ती कोणाच्या ध्यानीमनी नव्हती: सगळे अभ्यासक्रम जगाला मोफत देऊन टाका. ४ एप्रिल २००१ रोजी एमआयटीचे अध्यक्ष चार्ल्स वेस्ट यांनी ‘ओपनकोर्सवेअर’ची घोषणा केली. फॅदम २००३ मध्ये बंद पडली, ऑललर्न २००६ मध्ये. ओपनकोर्सवेअर आजही चालू आहे.

त्या काळी एमआयटीची वर्षाची फी सव्वीस हजार डॉलरच्या घरात होती. एवढे पैसे मोजून शिकणाऱ्यांना जे मिळते ते घरबसल्या कोणालाही कसे देता येईल, हा प्रश्न साहजिक होता. पण सगळेच दिले जाणार नव्हते. प्रवेश नाही, पदवी नाही, शंका विचारायला शिक्षक नाही. मिळणार होते ते अभ्यासक्रमाचे वेळापत्रक, वाचायच्या पुस्तकांची यादी, प्राध्यापकांची टिपणे, गृहपाठ, पुष्कळदा त्यांची उत्तरे, जुन्या प्रश्नपत्रिका आणि काही विषयांची चित्रित व्याख्याने. ज्याला खरोखर शिकायचे आहे, त्याच्यासाठी ही शिदोरी लहान नाही. कुठल्याही गावातल्या प्राध्यापकाला एमआयटीत हाच विषय कोणत्या क्रमाने आणि किती खोलवर शिकवतात, परीक्षेत काय विचारतात, हे पहिल्यांदाच उघडपणे पाहायला मिळाले.

यातले सर्वांत किचकट काम बाहेरच्यांच्या लक्षातच येत नाही. प्राध्यापकाच्या टिपणांत ठिकठिकाणी इतरांच्या पुस्तकांतल्या आकृत्या, आलेख, छायाचित्रे असतात. चार भिंतींच्या वर्गात ती दाखवली तर कोणी हरकत घेत नाही. जगासमोर मांडायची म्हटली की स्वामित्वहक्क आडवा येतो. म्हणून ओपनकोर्सवेअरच्या कर्मचाऱ्यांनी एकेक चित्र तपासायला घेतले. परवानगी मिळाली तर ठेवायचे, नाहीतर त्याजागी दुसरे काढून घ्यायचे किंवा गाळायचे. एक अभ्यासक्रम प्रसिद्ध करायला दहा ते पंधरा हजार डॉलर लागत. चित्रीकरण असेल तर त्याच्या दुप्पट. सुरुवातीचे एक कोटी दहा लाख डॉलर मेलन आणि ह्युलेट या दोन प्रतिष्ठानांनी दिले. सप्टेंबर २००२ मध्ये पन्नास अभ्यासक्रमांपासून आरंभ झाला आणि नोव्हेंबर २००७ पर्यंत ही संख्या अठराशेवर गेली. एमआयटीत शिकवले जाणारे जवळजवळ सगळेच विषय त्यात आले.

या कष्टांमुळे साहित्यासोबत देता आला तो परवाना मला मूळ साहित्याइतकाच मोलाचा वाटतो. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या त्या परवान्यानुसार हे साहित्य कोणीही उतरवून घ्यावे, छापावे, बदलावे, दुसऱ्या भाषेत न्यावे. अटी तीनच: श्रेय द्यायचे, त्यावर धंदा करायचा नाही आणि आपण केलेले रूपही याच अटींवर खुले ठेवायचे. जिथे इंटरनेट नव्हते किंवा रडतखडत चालत होते, अशा आफ्रिकेतल्या विद्यापीठांना सगळे संकेतस्थळ हार्ड डिस्कवर भरून पाठवता आले, ते या परवान्यामुळे. तिथल्या विद्यार्थ्यांनी ते कॉलेजच्या अंतर्गत नेटवर्कवर उघडले.

या खजिन्यातले सर्वांत लाडके नाव गिल्बर्ट स्ट्रँग यांचे. एमआयटीत विषय क्रमांकाने ओळखले जातात. स्ट्रँग यांचा रेषीय बीजगणिताचा वर्ग म्हणजे १८.०६. त्यांची १९९९ साली चित्रित झालेली व्याख्याने आजही पाहिली जातात. त्यात नजरेला भुलवणारे काहीही नाही. एक फळा, एक खडू आणि पुढची पायरी लिहिण्याआधी घटकाभर थांबून समोरच्याला विचार करायला वेळ देणारा शिक्षक. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात मॅट्रिक्सचे नियम नुसते घोकलेल्या कोणीही यातली पहिली चार व्याख्याने पाहावीत. आपण काय करत होतो, ते तेव्हा कळते. स्ट्रँग यांनी शेवटचा वर्ग घेतला तो मे २०२३ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी.

ओपनकोर्सवेअरमध्ये गृहपाठ होता, पण तो तपासणारे कोणी नव्हते. ती उणीव दूर करण्याचा मोठा प्रयत्न मार्च २०१२ मध्ये झाला. मूळचे मंगळूरचे आणि आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले अनंत अगरवाल यांनी एमआयटीतला ‘सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स’ हा विषय ऑनलाइन घेतला. त्यात पडद्यावरच रोधक, धारित्र जोडून मंडल बांधायचे आणि चालवून पाहायचे, अशी आभासी प्रयोगशाळा होती. उत्तरे संगणक तपासत असे. सुमारे एक लाख पंचावन्न हजार लोकांनी नाव नोंदवले, उत्तीर्ण झाले ७,१५७. हा आकडा अपयश म्हणून अनेकदा पुढे केला जातो. तो हिशेब मला पटत नाही. नोंदणी करायला एक पैसाही लागत नव्हता, त्यामुळे नुसते डोकावायला आलेलेही त्यात मोजले गेले. आणि वर्गात बसून सात हजार जणांना हा विषय शिकवायला एका प्राध्यापकाचा सारा जन्म पुरला नसता.

पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांत मंगोलियातल्या उलानबातरचा पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. पुढे त्याला एमआयटीत प्रवेशही मिळाला. ही गोष्ट सांगताना तिचा अर्धा भाग बहुधा गाळला जातो. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीचे माजी विद्यार्थी होते. हा अभ्यासक्रम शाळेत त्यांनीच आणला आणि खरी उपकरणे हाताळून प्रयोग करायची सोयही मुलांसाठी करून दिली. पडद्यावरच्या व्याख्यानाजवळ असे एखादे जाणते माणूस उभे राहिले, की त्या व्याख्यानाचे बळ वाढते.

भारतात हे काम एनपीटेलने केले. मुंबईसह सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये केंद्र सरकारच्या पैशाने ते सुरू केले. २०१४ पासून प्रमाणपत्रही मिळू लागले: शिकणे मोफत, दर आठवड्याला गृहपाठ आणि हवी असल्यास थोडी फी भरून केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयं’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आले. आता विद्यापीठाने मान्य केले तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे ऑनलाइन घेता येतात. तालुक्याच्या कॉलेजात एखाद्या विषयाचा शिक्षक नसला, तरी त्या विषयाचे श्रेयांक यामुळे मिळू शकतात.

भाषेचा अडसर मात्र तसाच राहतो. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने त्यावर साधा आणि टिकाऊ मार्ग काढला. सुमारे दहा मिनिटांचा पाठ, पडद्यावर सॉफ्टवेअर जसे आहे तसे इंग्रजीत आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. एका खिडकीत पाठ, शेजारच्या खिडकीत आपण तेच करून पाहायचे. लिनक्स, पायथन, लिबरऑफिस असे विषय यातून शिकवले गेले.

तैवानमध्ये तर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा चिनी अनुवादक लुसिफर चू याने त्या पुस्तकांच्या मानधनातून २००४ मध्ये एक चळवळ उभी केली. शेकडो स्वयंसेवकांनी एमआयटीचे अभ्यासक्रम चिनीत आणायला घेतले. स्ट्रँग यांची व्याख्याने मराठीत आणायची झाली, तर आपल्याला एमआयटीला विनंतीपत्र धाडावे लागणार नाही. परवानगी आधीच दिलेली आहे. लागतील ती रेषीय बीजगणित आणि मराठी दोन्ही नीट जाणणारी काही माणसे, आणि त्यांच्या कामाचा खर्च उचलणारे कोणीतरी.