‘काम झालं’ हे कशावरून ठरतं? आधी चाचणी, मग प्रोग्राम

सॉफ्टवेअरचं एखादं काम कुठवर आलंय असं विचारलं की ‘नव्वद टक्के झालंय’ हे उत्तर हमखास मिळतं. महिन्याभराने विचारलं तरी तेच. यात कुणी खोटं बोलत असतं असं नाही. यादीत ‘बिलाचं मॉड्यूल करणे’ एवढंच लिहिलेलं असेल, तर ते संपल्याची खूण कुणी ठरवलेलीच नसते. भिंत किती उंच झाली हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतं. प्रोग्राम किती झाला हे तो लिहिणाऱ्यालाही नीट दिसत नाही.

यावरचा एक उपाय म्हणजे कामाचे अगदी छोटे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याची चाचणी प्रोग्राम लिहिण्याआधी लिहायची. याला ‘टेस्ट ड्रिव्हन डेव्हलपमेंट’ किंवा टीडीडी म्हणतात. प्रोग्राम लिहिण्याची एक शिस्त म्हणून ही पद्धत शिकवली जाते. पण तिचा मोठा उपयोग त्याच्या आधीच, म्हणजे काम आखताना होतो.

दूध डेअरीच्या बिलाचं उदाहरण

समजा, एका गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी बिलाचं सॉफ्टवेअर करायचं आहे. शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, फॅट आणि एसएनएफ पाहून दर ठरतो, दहा दिवसांनी बिल निघतं. ‘बिल काढणे’ हे दोन शब्दांचं काम. त्याऐवजी यादी अशी लिहिली तर? (यातले दर केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.)

१० लिटर दूध, फॅट ३.५, एसएनएफ ८.५, दर ३० रुपये : ३०० रुपये.
तेच दूध, फॅट ३.४, एका पॉइंटला ३० पैसे कपात : २९७ रुपये.
त्या वेळी दूधच घातलं नाही : शून्य रुपये.
६.३५ लिटर, दर २९.७० रुपये : ?

शेवटच्या ओळीपाशी पेन थांबतं. गुणाकार येतो १८८.५९५ रुपये. मग शेतकऱ्याला १८८.५९ द्यायचे की १८८.६०? याचं उत्तर प्रोग्रामरकडे नाही, ते डेअरीच्या सचिवांकडे आहे. हा प्रश्न कामाच्या पहिल्या दिवशी पडला तर फोन करून सुटतो. तो कधी पडलाच नाही, तर संगणक आपल्या मनाने काहीतरी ठरवतो आणि वर्षभर प्रत्येक पावतीत तेच होत राहतं.

पुढची ओळ याहून महत्त्वाची. १ ते १० तारखेचं बिल आहे आणि ६ तारखेपासून दर ३० वरून २८ रुपयांवर आला. दिवसाला २० लिटर घालणाऱ्याचे पाच दिवसांचे ३,००० आणि पुढच्या पाच दिवसांचे २,८०० असे ५,८०० रुपये झाले पाहिजेत. बिल काढण्याच्या दिवशीचा दर सरसकट लावणाऱ्या प्रोग्राममध्ये ते ५,६०० होतील. म्हणजे एका शेतकऱ्याचे २०० रुपये गेले, आणि पावतीवरची बेरीज मात्र बिनचूक दिसेल. त्यातच, नवा दर ६ तारखेच्या सकाळपासून धरायचा की संध्याकाळपासून? दोन्ही वेळा सारखंच दूध असेल, तर संध्याकाळपासून धरल्यास बिल ५,८२० होतं. मग यादीत आणखी एक ओळ येते.

पशुखाद्याची उधारी बिलापेक्षा जास्त असेल तर? बाकी पुढच्या बिलात ओढायची की या बिलावर उणे रक्कम छापायची? यादी अशी वाढत जाते. ती वाढली म्हणून काम वाढलं असं वाटतं, पण काम आधीपासून तेवढंच होतं, फक्त दिसत नव्हतं. एखाद्या ओळीच्या उजवीकडचा आकडा लिहिता येत नसेल, तर ते काम अजून कुणालाच समजलेलं नाही.

लाल, हिरवा आणि साफसफाई

यादी तयार झाली की तिच्यातली एकच ओळ उचलायची, बहुतेकदा सर्वांत सोपी. तिची चाचणी लिहून चालवायची. प्रोग्राम नसल्यामुळे ती नापास होते. पडद्यावर लाल रंग दिसतो आणि तो दिसलाच पाहिजे, कारण काही नसतानाही पास होणारी चाचणी काहीच तपासत नसते. मग ती पास होण्यापुरताच प्रोग्राम लिहायचा. रंग हिरवा झाला की लिहिलेलं नीटनेटकं करायचं आणि पुढची ओळ घ्यायची. असा एक फेरा काही मिनिटांचा असतो.

‘पास होण्यापुरताच’ हे नवख्या माणसाला विनोदी वाटतं. पहिल्या ओळीसाठी प्रोग्रामने डोळे मिटून ‘३००’ असं उत्तर दिलं तरी चालतं. पण दुसरी ओळ २९७ मागते, तेव्हा ती लबाडी टिकत नाही आणि कपातीचा खरा नियम लिहावाच लागतो. जुनी चाचणी तशीच चालू राहते, त्यामुळे नवं करताना जुनं मोडलं तर लगेच कळतं. दरबदलाचा नियम घालताना साध्या बिलात गडबड झाली, तर ती दुरुस्त करायला फारतर दहा मिनिटांपूर्वीपर्यंतच मागे जावं लागतं.

हे कुठून आलं?

पद्धतीला आजचं रूप दिलं ते अमेरिकन प्रोग्रामर केंट बेक यांनी. १९९० च्या दशकात क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगाराच्या प्रणालीवर काम करताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग’ नावाची कार्यपद्धती घडवली. आधी चाचणी लिहिणं हा तिचाच भाग. ती प्रणाली १९९७ मध्ये सुरू झाली आणि सुमारे १० हजार कर्मचाऱ्यांचे पगार काढू लागली, पण सगळे कर्मचारी तिच्यात येण्याआधीच २००० मध्ये प्रकल्प बंद केला गेला. टीकाकार हे आवर्जून सांगतात आणि त्यात वावगं काही नाही. पद्धत चांगली असली म्हणून प्रकल्प तरतोच असं नाही.

२००२ मध्ये आलेल्या टीडीडीवरच्या पुस्तकात बेक यांनी घेतलेलं उदाहरणही पैशांचंच आहे. त्यांच्या यादीत दोन देशांच्या चलनांची बेरीज हे काम होतं. ते मोठं आहे म्हणून बाजूला ठेवून त्यांनी आधी ‘५ डॉलर गुणिले २ म्हणजे १० डॉलर’ एवढंच घेतलं. झालेली ओळ खोडायची आणि वाटेत सुचलेली नवी ओळ खाली लिहायची, असं ते पुस्तकभर चालतं. किराणा मालाच्या यादीपेक्षा हे फार वेगळं नाही.

कल्पना मात्र बेक यांच्याहून जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, माणसाला अवकाशात पाठवण्याच्या अमेरिकेच्या मर्क्युरी प्रकल्पात सॉफ्टवेअरचं काम अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या तुकड्यांत चाले आणि प्रत्येक तुकड्याच्या चाचण्या आधी लिहिल्या जात.

तुकडे आडवे की उभे?

तुकडे लहान असणं पुरेसं नाही, ते कसे कापले हेही पाहावं लागतं. आधी सगळा डेटाबेस, मग सगळे हिशेब, शेवटी सगळे स्क्रीन, असे आडवे तुकडे पाडले तर तीन महिने डेअरीवाल्यांना दाखवण्यासारखं काहीच नसतं. उभा तुकडा म्हणजे एका शेतकऱ्याचं एका वेळचं दूध नोंदवून त्याची पावती छापणं. त्यात डेटाबेस, हिशेब आणि स्क्रीन हे सगळं थोडं थोडं येतं. असा तुकडा आठवड्यात हाती येतो आणि पावती पाहून सचिव म्हणतात, ‘यावर उचल कुठंय?’ हा शेरा पहिल्याच आठवड्यात मिळाला, हीच त्या तुकड्याची खरी कमाई.

खर्च आणि मर्यादा

चाचण्या लिहायला वेळ लागतो. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएममधल्या चार प्रकल्पांच्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, टीडीडी वापरणाऱ्या गटांच्या कामात तशाच इतर प्रकल्पांच्या तुलनेत ४० ते ९० टक्के कमी दोष आढळले. मात्र सुरुवातीचा वेळ १५ ते ३५ टक्के जास्त लागल्याचं तिथल्या व्यवस्थापकांचं मत होतं. चार प्रकल्पांवरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढणं धाडसाचं ठरेल, पण सौद्याचा अंदाज येतो.

सगळ्यांनाच हा सौदा पटलेला नाही. ‘रुबी ऑन रेल्स’चे जनक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २०१४ मध्ये टीडीडी मेल्याची घोषणाच केली. चाचण्यांच्या सोयीसाठी प्रोग्रामची रचनाच वाकडी होते, अशी त्यांची तक्रार होती. त्यावर बेक आणि मार्टिन फाउलर यांच्याशी त्यांची जाहीर चर्चाही झाली. काही कामांना ही पद्धत लागू पडत नाही हे खरंच आहे. स्क्रीन डोळ्यांना बरा दिसतो का, हे चाचणीला कळत नाही. दूध तपासणीचं यंत्र संगणकाला नेमकं काय पाठवतं हेच माहीत नसेल, तर आधी दोन दिवस ठरवून नुसती खटपट करावी, मिळालेली माहिती ठेवावी, लिहिलेला प्रोग्राम फेकून द्यावा आणि मग यादी करायला बसावं.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. चाचणी हिरवी झाली म्हणजे प्रोग्राम चाचणीप्रमाणे चालतो एवढंच सिद्ध होतं. चाचणी डेअरीच्या व्यवहाराप्रमाणे आहे की नाही, हे ती सांगत नाही. एकाच माणसाने नियम चुकीचा समजून घेतला आणि चाचणीही त्यानेच लिहिली, तर दोन्ही चुका एकमेकींशी छान जुळतात. म्हणून यादीतले आकडे प्रोग्रामरच्या डोक्यातून न येता सचिवांच्या जुन्या वहीतून यावेत: दर बदललेल्या दहा दिवसांची हाताने केलेली बिलं, उधारी फिरलेली खाती, आणि ज्या पावत्यांवरून पूर्वी भांडण झालं होतं त्या तर नक्कीच.

सॉफ्टवेअर चालू झाल्यावरही यादी बंद होत नाही. कुणी शेतकरी पावती घेऊन आला आणि चार रुपये कमी असल्याचं दाखवलं, तर प्रोग्रामला लगेच हात लावायचा नसतो. त्या पावतीवरचे लिटर, फॅट, दर आणि बरोबर रक्कम यांची आधी एक चाचणी लिहायची. ती लाल झाली की चूक नेमकी सापडलेली असते. मग दुरुस्ती होते आणि ती पावती इतर सगळ्यांबरोबर यादीत राहते, पुढे प्रत्येक बदलाच्या वेळी पुन्हा तपासली जाण्यासाठी.