चार मतदारसंघ, चार रंग : चौदाव्या विधानसभेतला गोंदिया

महाराष्ट्राच्या चौदाव्या विधानसभेत गोंदिया जिल्ह्याने चार आमदार पाठवले आणि चौघांचे रंग वेगवेगळे होते. अर्जुनी-मोरगावमधून राष्ट्रवादीचे मनोहर चंद्रिकापुरे, तिरोड्यातून भाजपचे विजय रहांगडाले, गोंदियातून अपक्ष विनोद अग्रवाल आणि आमगावातून काँग्रेसचे सहसराम कोरोटे. 288 जणांच्या सभागृहात चार ही संख्या किरकोळच. त्यामुळे 24 ऑक्टोबर 2019 च्या निकालानंतर राज्याच्या बेरजेत हा जिल्हा कुणाला फारसा आठवला नाही. जिल्ह्यातही पुष्कळांना वाटले की ताकद विखुरली, आता मुंबईत आपले कोण ऐकणार? मला हे पटत नाही. पाच वर्षांत तीन वेळा उलटापालट झालेल्या त्या सभागृहात या विखुरलेपणानेच गोंदियाला सांभाळले, असे माझे मत आहे.

मुळात हा जिल्हा एकजिनसी नाहीच. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा मुलूख. अर्जुनी-मोरगाव अनुसूचित जातींसाठी राखीव, आमगाव अनुसूचित जमातींसाठी राखीव, उरलेले दोन खुले. देवरी-सालेकसा हा जंगलाचा भाग आमगाव मतदारसंघात येतो, आणि लोकसभेला हा मतदारसंघ गडचिरोली-चिमूरला जोडलेला आहे. बाकीचे तीन भंडारा-गोंदियात. म्हणजे एकाच जिल्ह्याचे आमदार दोन खासदारांच्या क्षेत्रांत वाटलेले. तेंदूपत्ता आणि वनहक्क हे देवरीकडचे प्रश्न, बाजारपेठ आणि राईस मिल हे गोंदिया शहराचे, तर तिरोड्यात औष्णिक वीज प्रकल्प. अशा मुलखातून चारही आमदार एकाच पक्षाचे यावेत, अशी अपेक्षा धरण्याला आधार काय?

गोंदिया शहराची लढत तर नीट पाहावी अशी आहे. 2014 मध्ये काँग्रेसचे गोपालदास अग्रवाल जिंकले, भाजपचे विनोद अग्रवाल हरले. 2019 मध्ये गोपालदास भाजपमध्ये गेले, तेव्हा विनोद अग्रवाल अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. 2024 मध्ये गोपालदास पुन्हा काँग्रेसकडून आणि विनोद भाजपकडून समोरासमोर आले, विनोद जिंकले. दहा वर्षांत चिन्हे फिरत राहिली, माणसे तीच. इथला मतदार पक्षापेक्षा माणूस पाहतो, हे यातून दिसते. उलट तिरोड्यात रहांगडाले 2014 पासून सलग तीनदा भाजपकडूनच आले. अर्जुनी-मोरगावात चंद्रिकापुरेंनी माजी सामाजिक न्यायमंत्री राजकुमार बडोलेंना हरवले ते अवघ्या 718 मतांनी.

कुणी म्हणेल, हा सगळा योगायोग झाला. समतोल साधायचा म्हणून कुणी मत देत नाही. खरे आहे, कुणी देत नाही. पण परिणाम पाहायला हवा. नोव्हेंबर 2019 मध्ये उद्धव ठाकरेंचे सरकार आले तेव्हा राष्ट्रवादी आणि काँग्रेसचे दोघे सत्तेच्या बाजूला होते, भाजपचे रहांगडाले आणि भाजपकडे कल असलेले विनोद अग्रवाल समोर. जून 2022 च्या अखेरीस एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि बाजू अदलाबदल झाल्या. जुलै 2023 मध्ये अजित पवार सरकारात गेले, चंद्रिकापुरे त्यांच्यासोबत राहिले, आणि विरोधात एकटे कोरोटे उरले. या तिन्ही टप्प्यांत जिल्ह्याचा निदान एक आमदार सत्तेच्या बाकांवर आणि निदान एक विरोधी बाकांवर होता. सरकारला आतून सांगणारा आणि बाहेरून जाब विचारणारा, दोघेही असणे ही लहान जिल्ह्याची मोठी सोय असते.

धानाचा प्रश्न घ्या, कारण चारही मतदारसंघ धानावर उभे आहेत. 2020-21 ला आधारभूत खरेदीवर क्विंटलमागे 700 रुपये बोनस मिळाला, पुढच्या हंगामात मिळालाच नाही. तेव्हा जिल्ह्याचे दोन आमदार सत्तेत होते, तरी बोनस गेला; म्हणजे सत्तेत माणूस असला की काम होते, हा भरवसा पोकळ ठरला. पुढे डिसेंबर 2022 मध्ये नागपूर अधिवेशनात हेक्टरी 15,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर झाले आणि 2023 च्या अधिवेशनात रक्कम 20,000 झाली. कोरोनामुळे 2020 चे आणि मुख्यमंत्र्यांच्या प्रकृतीमुळे 2021 चे हिवाळी अधिवेशन नागपुरात झालेच नव्हते. आमगाव-देवरीच्या शेतकऱ्याला मोर्चा घेऊन पोहोचता येईल असे ठिकाण नागपूरच, मुंबई नव्हे. त्या दोन वर्षांची ही खोट आमदारांच्या पक्षांइतकीच मोजायला हवी. शिवाय मे 2022 मध्ये, मुंबईत महाविकास आघाडीचे सरकार असताना, गोंदिया जिल्हा परिषदेत भाजप आणि राष्ट्रवादीने हातमिळवणी केली आणि काँग्रेस बाहेर राहिली. मुंबईचे गणित इथे जसेच्या तसे लागू होत नाही, याचा हा पुरावा.

सर्वांत वजनदार आक्षेप मंत्रिपदाचा. 2014 मध्ये भाजपचे तिघे आले आणि बडोले कॅबिनेट मंत्री झाले. चौदाव्या विधानसभेत मात्र चौघांपैकी कुणालाही मंत्रिपद मिळाले नाही, आणि पालकमंत्री बाहेरून येत राहिले : अनिल देशमुख, नवाब मलिक, प्राजक्त तनपुरे, सुधीर मुनगंटीवार, धर्मरावबाबा आत्राम. पाच वर्षांत पाच. जिल्हा नियोजनाची बैठक घेणारा माणूस दर वर्षी बदलत असेल, तर मागच्या आराखड्याची जबाबदारी कुणाला विचारायची? ही तक्रार रास्त आहे आणि मी ती खोडून काढणार नाही. मात्र तिचे कारण चार रंग हे नाही. 2024 मध्ये जिल्ह्याने विखुरलेपण संपवले. तिरोडा, गोंदिया आणि आमगाव भाजपला दिले, अर्जुनी-मोरगाव अजित पवारांच्या राष्ट्रवादीला, तेही बडोलेंनाच. चारही आमदार सत्ताधारी महायुतीचे झाले. तरी डिसेंबर 2024 च्या मंत्रिमंडळात गोंदियाचा एकही आमदार नव्हता, आणि जानेवारी 2025 मध्ये पालकमंत्री म्हणून नेमले गेले ते लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरचे बाबासाहेब पाटील.