समाजमाध्यमे आणि आपली मुले

समाजमाध्यमे मुलांचा वेळ खातात, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. ती खरी आहे, पण अपुरी आहे. कितीही सरकवले तरी मजकूर संपू नये, अशीच या माध्यमांची रचना असते. कारण त्यांची कमाई जाहिरातींवर चालते आणि जाहिरातींना खिळलेले डोळे हवे असतात. संताप आणणारा मजकूर डोळ्यांना अधिक खिळवतो, म्हणून तो वेगाने पसरतो.

त्याची किंमत आपल्या खटाव तालुक्याने मोजली आहे. 10 सप्टेंबर 2023 रोजी पुसेसावळी येथे आक्षेपार्ह पोस्टच्या निमित्ताने जमाव चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला.

उपायही दूरचा नाही. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली नियम केला : सायंकाळी सात वाजता भोंगा वाजताच घरोघरी मोबाइल व टीव्ही बंद, साडेआठपर्यंत मुलांचा अभ्यास. हा नियम मोठ्यांनाही लागू, हे त्याचे मर्म होय.

इतिहासाचा विद्यार्थी कागद हाती येताच विचारतो : हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, पुरावा कोणता? पोस्ट पुढे पाठविण्यापूर्वी हेच तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण पाल्यांना लावू या. आणि आधी स्वतःला.