फुग्याची टाकी आणि हायड्रोजनची गाडी

ऑक्टोबर २०२३ मध्ये लातूरच्या तावरजा कॉलनीत फुगेवाल्याची गॅसची टाकी फुटली. फुगेवाला गेला, भोवती जमलेली मुलं जखमी झाली. अनेक फुगेवाले हायड्रोजनच वापरतात, त्यामुळे हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीचं नाव काढलं की "घरात बॉम्ब आणायचा का?" असं कुणी म्हणालं, तर त्याला हसू नये. बॉम्बचं मात्र सोडून द्या. हायड्रोजन बॉम्ब पेटवायला आधी अणुबॉम्ब लागतो. गाडीच्या टाकीत ते होणे नाही.

फुग्याच्या टाकीचं काय होतं, ते बघू. माळेगावच्या यात्रेत असो की सिद्धेश्वराच्या, अनेक फुगेवाले हायड्रोजन जागेवरच बनवतात. जुन्या लोखंडी टाकीत कॉस्टिक सोडा, ॲल्युमिनियमचे तुकडे आणि पाणी घातलं की मिश्रण उकळायला लागतं, गॅस भराभर सुटतो. टाकी आतून गंजलेली. दाबाचं मीटर नाही, जादा गॅस सोडणारा व्हॉल्व्ह नाही. लोखंडानं हार मानली की संपलं.

गाडीत गॅस बनत नाही, पंपावर भरला जातो. नितीन गडकरी ३० मार्च २०२२ रोजी टोयोटा मिराई या ज्या हायड्रोजन गाडीतून संसदेत गेले, तिच्या टाक्यांत दाब असतो ७०० बार. आपल्या सीएनजी रिक्षात साधारण २००. आकडा ऐकून धडकी भरते, पण टाकीही तशीच आहे: आत प्लॅस्टिकचं अस्तर, त्यावर कार्बन फायबरचे वेढ्यावर वेढे. नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाबालाही जी टिकत नाही, ती टाकी पासच होत नाही. तिला जाळात ठेवूनही तपासतात.

"पण आपल्याकडचं ऊन?" टाकी ८५ अंश तापेल हे धरूनच बनवलेली असते. आग लागून तापमान ११० अंशांच्या आसपास गेलं, की एक व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि टाकी फुटण्याआधी गॅस बाहेर सोडतो.

गळती झाली तर? एलपीजी जड, फरशीवर साचतो. हायड्रोजन हवेपेक्षा चौदापट हलका, उघड्यावर भुर्रकन वर जातो. शटर लावलेल्या गॅरेजात मात्र तो छताशी कोंडतो, आणि हवेत ४ ते ७५ टक्के एवढ्या मोठ्या पट्ट्यात पेट घेतो. त्याला वास नाही, दिवसा ज्योतही धड दिसत नाही. म्हणून गाडीत सेन्सर असतात. गळती कळताच ते टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला लावतात. तेव्हा "अगदी निर्धोक" म्हणणाराही चुकतोच. जून २०१९ मध्ये नॉर्वेत सँडविकाजवळ हायड्रोजनच्या पंपावर स्फोट झाला, कारण निघालं नीट न आवळलेले बोल्ट.

ही गाडी नांदेड-लातूरच्या रस्त्यावर येईल तेव्हा येईल. फुगेवाला मात्र पुढच्या यात्रेतही असणार. फुगा जरूर घ्या, पण पोरांना त्या टाकीपासून लांब ठेवा.